साप नसलेली सापशिडी

१८८८ साली फुटबॉलमध्ये दोन गोष्टी घडल्या. सिमल्यात ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरंड यांनी लष्करी पलटणींसाठी एक चषक ठेवला. त्याच वर्षी १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात बैठक होऊन बारा इंग्लिश क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली. सिमल्याचा नियम सोपा: हरला तो घरी. मँचेस्टरचा नियम वेगळा होता. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. आज हरलात तरी पुढच्या सामन्याला हजर राहायचेच. भारताने सिमल्याचा नमुना उचलला आणि शतकभर जपला. सगळ्या देशाची अशी लीग आपल्याकडे १९९६ साली उभी राहिली, म्हणजे १०८ वर्षांनी. पुढच्या तीसेक वर्षांत ती नॅशनल फुटबॉल लीग होती, मग आय-लीग झाली, मग तिच्या डोक्यावर इंडियन सुपर लीग (आयएसएल) येऊन बसली. या उशिराची आणि धरसोडीची कारणे विचारली की ठरलेली उत्तरे मिळतात: देश मोठा, पैसा कमी, आणि क्रिकेटने सगळे गिळले. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. लीगची रचना कशी असेल हे खेळाडूचा पगार कोण देतो यावर ठरते. आपल्याकडे तो देणारा कायम मैदानाबाहेरचा राहिला. म्हणून आपल्या लीगमध्ये कधी शिडी चढून वर जाता आले नाही, तर कधी खाली नेणारा साप काही घरांना डसलाच नाही.

इंग्लंडमधली लीग क्रीडाप्रेमातून निघाली असे समजण्याचे कारण नाही. ती काढणारा विल्यम मॅकग्रेगर हा बर्मिंगहॅममधला कापडदुकानदार, ॲस्टन व्हिला क्लबच्या कारभाऱ्यांपैकी एक. १८८५ साली तिकडे खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला परवानगी मिळाली आणि क्लबांच्या मागे दर आठवड्याचा खर्च लागला. तो निघायचा दारावरच्या तिकिटांतून. पण तेव्हाचे बहुतेक सामने मैत्रीचे. प्रतिस्पर्धी कुठल्या चषकात अडकला की ठरलेला सामना रद्द. प्रेक्षक परत जात आणि गल्ला रिकामा राही. मॅकग्रेगरचा तोडगा दुकानदाराला शोभेल असाच होता: काहीही झाले तरी टळणार नाहीत अशा तारखा आधीच बांधून घ्यायच्या. पहिले सामने ८ सप्टेंबर १८८८ ला झाले. विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक, हा हिशेब मात्र मोसम सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी पक्का झाला. आधी तारखा, मग गुण! विजेता कसा ठरवायचा हे मागाहून पाहिले तरी चालेल, शनिवार वाया जाता कामा नये, असा तो क्रम होता. लीग म्हणजे क्लबांनी एकमेकांना दिलेली हमी. ती त्यांनीच आपसांत दिली, कुठल्या महासंघाने वरून लादली नाही.

आता मुंबईकडे वळा. रोव्हर्स चषक इथे १८९१ मध्ये सुरू झाला आणि पुढे कूपरेजचे मैदान हेच त्याचे घर झाले. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्यात उतरणारे संघ पाहिले तर क्लबांच्या जोडीला कचेऱ्या आणि गिरण्या दिसतात: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. या खेळाडूंचा पगार तिकिटांच्या गल्ल्यातून येत नव्हता. तो नोकरीतून येत होता. पोलीस खात्यात हुद्दा, रेल्वेत कारकुनी, गिरणीत पगारपत्रकावर नाव, आणि सरावासाठी दुपारची सूट. मालकाच्या किंवा खात्याच्या दृष्टीने हा व्यवहार चोख होता. वर्षातून दोन-तीन स्पर्धांना पंधरा-पंधरा दिवस संघ पाठवला, वर्तमानपत्रात नाव आले, चषक कचेरीच्या काचेच्या कपाटात लागला, काम झाले. दर आठवड्याला एका नव्या शहरात सामना, तोही सहा-सात महिने, ही कल्पना अशा मालकाला डोकेदुखीच वाटणार. गल्ल्याची चिंता नाही, तिथे तारखांची हमी कुणाला हवी? आपल्याकडे लीग उशिरा आली, कारण तिची गरज असलेला माणूसच नव्हता.

कुणी म्हणेल, या व्यवस्थेने काही बिघडले नाही. आशियाई खेळांत १९५१ आणि १९६२ ची सुवर्णपदके, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेली हॅट्‌ट्रिक, हे सगळे लीग नसतानाचे वैभव. हे मान्यच करायला हवे. सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा प्रशिक्षक हैदराबादच्या पोलिसांना आणि देशाच्या संघाला एकाच तालमीत घडवू शकला, कारण नोकरीमुळे खेळाडू निर्धास्त होते. पण तेव्हा आशियातले इतर देशही आपल्यासारखेच हौशी होते. जपानमध्ये १९६५ साली कंपन्यांच्या संघांची लीग सुरू झाली आणि स्पर्धेचे मोजमापच बदलू लागले. आपले वैभव ओसरले त्याचे सगळे खापर लीगच्या अभावावर फोडता येणार नाही, पण वर्षातले पंधरा-वीस कस लागणारे सामने आणि पस्तीस-चाळीस सामने यांत तयार होणारे खेळाडू सारखे नसतात.

दुसरा आक्षेप कलकत्त्याकडून येईल, आणि तो वजनदार आहे. तिथली लीग १८९८ पासूनची, आशियातली सर्वांत जुनी. मग भारतात लीग नव्हती असे कसे म्हणता? मुंबईतही हारवूड लीग होतीच. पण या शहरांच्या लीग. प्रवास ट्रामचा, मैदानावरचे तंबू, सभासदांची वर्गणी आणि शहराचा प्रेक्षक यांवर क्लब चालत. म्हणजे कलकत्त्यात पैसा खरोखरच मैदानाच्या आसपासून येत होता, आणि म्हणूनच तिथे लीग टिकली. माझ्या म्हणण्याला कलकत्ता अपवाद नाही, उलट पुरावाच आहे. शिवाय तिथे शिडी होती, आणि ती मोकळी ठेवण्यासाठी भांडावेही लागले. पहिल्या गटात दोनच भारतीय संघ असावेत अशी मर्यादा होती; ईस्ट बंगालसाठी ती निघाली आणि १९२५ मध्ये तो संघ वरच्या गटात खेळला. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ मध्ये वरच्या गटातल्या पहिल्याच मोसमात लीग जिंकली आणि मग १९३८ पर्यंत सोडलीच नाही. खालून आलेला संघ वर येताच राजा होतो, हे शिडीवाल्या लीगचे खास सुख. चषकात एखादा दुबळा संघ एका दुपारी बलाढ्याला हरवतो. लीगमध्ये त्याला वर्षभर सिद्ध करावे लागते, आणि केले की कुणी योगायोग म्हणू शकत नाही.

अंतराचा मुद्दा थोडक्यात संपवतो. ब्राझीलही अवाढव्य आहे, आणि तिथली राष्ट्रीय साखळी १९७१ मध्ये सुरू झाली. त्याआधी राज्यांच्या लीगवरच मुख्य भिस्त होती. म्हणजे मोठ्या देशात उशीर होणे समजण्यासारखे आहे. पण ब्राझीलच्या क्लबांनी राज्यातली लोकप्रियता राष्ट्रीय पातळीवर बरोबर नेली. आपल्याकडे नेमके ते जमले नाही.

१९९६ च्या सुमाराला मात्र पगाराची गणिते बदलली होती. सरकारी कचेऱ्यांत खेळाडूंची भरती आटत होती, कलकत्त्याचे क्लब परदेशी खेळाडूंना पैसे मोजत होते, आणि घरोघरी केबलवर युरोपातले सामने दिसू लागले होते. भारतीय फुटबॉल महासंघाने फिलिप्सला पाठीराखा म्हणून घेतले आणि बारा संघांची लीग काढली. पहिल्या मोसमात आधी दोन गट, मग आठ संघांची अंतिम साखळी. कलकत्त्याच्या मोहन बागानला त्या आठांतही जागा मिळवता आली नाही. लीग जिंकली पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने, आणि सर्वाधिक गोल केले त्या संघातल्या बायचुंग भुतियाने. देशाच्या फुटबॉलचे भांडवल कलकत्त्यात आहे असे मानणाऱ्यांना पहिल्याच वर्षी एका कापडगिरणीने उत्तर दिले. पुढच्या सात मोसमांत कलकत्त्याने आपली बाजू बऱ्यापैकी सावरली: मोहन बागान तीनदा, ईस्ट बंगाल तीनदा, मध्ये एकदा गोव्याचा साळगावकर.

त्यानंतर जे घडले त्याकडे भारतीय फुटबॉलच्या इतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. २००४-०५ ते २०१२-१३ या सलग नऊ मोसमांत कलकत्त्याच्या एकाही क्लबला लीग जिंकता आली नाही. धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा आणि मुंबईचा महिंद्रा युनायटेड एकदा. नऊपैकी आठ विजेतेपदे गोव्याकडे, ज्याची सगळी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांच्याही आत होती. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमात बागान-ईस्ट बंगालच्या एका मोठ्या डर्बीला एक लाख लोक जमत, म्हणजे त्या दिवशी त्या स्टेडियमात गोव्यातला दर पंधरावा माणूस मावला असता. एवढ्याशा मुलखाने ही हुकूमत कशी गाजवली? खाणींच्या उत्पन्नातून क्लब पोसणारी घराणी होती, हे खरेच. पण पैसा बागान-ईस्ट बंगालकडेही होता. फरक सातत्याचा होता. आर्मांदो कुलासो यांनी धेंपोला वर्षानुवर्षे सांभाळले. खेळाडू गावातले, शेतातल्या आणि चर्चजवळच्या मैदानांवर वाढलेले, आणि संघाचा सांगाडा मोसमागून मोसम तोच. कलकत्त्यात एक डर्बी हरली की प्रशिक्षकाची खुर्ची हलायची. चषकाच्या जमान्यात हा उतावळेपणा खपून जाई. वीस-बावीस सामन्यांच्या साखळीत तो महागात पडला. लीग हे माप खरे आहे याचा यापेक्षा चांगला दाखला मिळणे कठीण.

पण माप खरे असले तरी तराजू उसना होता. लीगची सूत्रे क्लबांच्या हाती नव्हती. ती महासंघाची होती आणि महासंघ पाठीराख्यावर अवलंबून होता. फिलिप्स गेले, कोका-कोला आले, मग टाटा, मग ओएनजीसी. २००७ मध्ये आशियाई महासंघाच्या आग्रहानुसार तिला व्यावसायिक रूप देऊन आय-लीग हे नाव ठेवले. झी स्पोर्ट्‌सशी प्रक्षेपणाचा दहा वर्षांचा करार होता, तो २०१० मध्ये मध्येच संपला. त्याच वर्षी महिंद्राने आपला संघ बंद केला. २००५-०६ मध्ये लीग आणि फेडरेशन चषक दोन्ही जिंकणारा संघ अवघ्या चार-पाच वर्षांत इतिहासजमा. पुढच्या वर्षी पहिला विजेता जेसीटीही गेला. टीव्हीवर दिसत नाही त्या खेळावर खर्च करून कंपनीला काय मिळते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. महिंद्रावर तर खालच्या गटात जाण्याची पाळीही आलेली नव्हती. आपल्याकडे क्लब केवळ हरल्यामुळे मरत नाहीत. मालकाच्या ताळेबंदात एक रेघ मारली की मरतात. कचेरीच्या कपाटातला चषक आणि व्यावसायिक लीग यांच्यामध्ये नावापलीकडे फारसे काही बदलले नव्हते, हे तेव्हा उघड झाले.

डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल निघाली: आठ शहरे, आठ फ्रँचायझी, सुमारे सव्वादोन महिने आणि एकसष्ट सामने. देल पिएरो, पिरेस, त्रेझेगे, अनेल्का यांच्यासारखे उतारवयातले तारे. मालकांत क्रिकेटपटू आणि सिनेनट. तिची रचना मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. साखळीनंतर पहिले चार संघ बाद फेरीत जात आणि अंतिम सामना जिंकणारा विजेता ठरे. पहिल्या वर्षी गुणतक्त्यात चेन्नईयिन पहिला आणि एफसी गोवा दुसरा होता. अंतिम सामना झाला तो तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांत. दुसऱ्या वर्षी गोवा पहिला आला आणि फातोर्ड्यात घरच्या प्रेक्षकांसमोर अंतिम सामना ३-२ असा हरला. तिसऱ्या वर्षी मुंबई सिटी, चौथ्या वर्षी बेंगळुरू. पहिल्या चार मोसमांत साखळीत अव्वल आलेला संघ एकदाही विजेता झाला नाही. लीगच्या नावाखाली सिमल्याचा चषकच पुन्हा भरला होता, फक्त त्याला लांबलचक पात्रता फेरी जोडलेली. साखळीतल्या पहिल्या क्रमांकाला ढाल मिळायला २०१९-२० उजाडावे लागले. ती पहिली ढाल एफसी गोव्याने घेतली आणि तिच्या जोरावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट-साखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

आयएसएलच्या बाजूने जे बोलले जाते तेही ऐकले पाहिजे. पहिल्याच मोसमात सामन्यामागे सरासरी वीस हजारांवर प्रेक्षक आले. हिरवळ सुधारली, प्रक्षेपण पाहण्याजोगे झाले, कोची आणि गुवाहाटीत फुटबॉलला गर्दी जमते हे सगळ्या देशाने पाहिले, आणि खेळाडूंचे पगार कधी नव्हे इतके वाढले. आय-लीग हे करू शकली नव्हती. बंद दारांची लीग म्हणजे पापच, असेही नाही. अमेरिकेतली मेजर लीग सॉकर आपल्या नॅशनल लीगच्याच वर्षी, १९९६ मध्ये, सुरू झाली. तिथे कुणी खाली घसरत नाही आणि तरी ती फोफावली. पण तिथे खेळाडूंचे करार लीगच्या नावावर असतात आणि मालक त्या एकाच संस्थेचे भागीदार. बुडाले तर एकत्र बुडायचे. आपल्याकडे दार बंद होते, पण दाराआडच्या प्रत्येक मालकाने आपले शुल्क भरायचे आणि आपला तोटा आपण सोसायचा. आयपीएलचा दाखला तर याहून लंगडा. आयपीएल दोन महिन्यांची जत्रा आहे आणि ती रणजीची जागा घेत नाही. ज्या मुंबईत ती इतकी रुजली, तिथेच पावसात चिखल तुडवत चालणाऱ्या क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये ए ते जी असे गट आहेत आणि खालचा वर, वरचा खाली हा क्रम १९४८ पासूनच्या त्या स्पर्धेचा प्राण आहे. शिडी भारतीय मनाला परकी आहे असे म्हणणाऱ्याने कांगा लीगचा तक्ता एकदा पाहावा.

शिडी कशी मोडली हे पाहायचे तर २०१५ आणि २०१६ ही दोन वर्षे पुरेत. आय-लीगमध्ये पैसा यावा म्हणून महासंघाने कंपन्यांना थेट वरच्या गटात प्रवेश देणे सुरू केले होते, आणि नव्याने आलेल्याला काही काळ खाली ढकलायचे नाही असे अभय दिले होते. यातून बेंगळुरू एफसीसारखा नेटका क्लब उभा राहिला आणि २०१३-१४ मध्ये पहिल्याच प्रयत्नात विजेता झाला, हे नाकारता येत नाही. पण २०१४-१५ मध्ये पुण्याचा भारत एफसी तळाला आला. त्याला अभय, म्हणून त्याच्या वरचा संघ घसरला. तो संघ होता धेंपो, पाच वेळचा विजेता. भारत एफसी त्या एका मोसमानंतर बंद झाला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच: तळाला पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, त्यालाही अभय, आणि घसरला त्याच्या वरचा ऐझॉल. सापाने डसावे पण पैसेवाल्याला चुकवून डसावे, असा हा खेळ. तिकडे धेंपोने काय केले? घसरला, खालच्या गटात खेळला आणि तो जिंकून वर्षभरात परत वर आला. शिडीची अब्रू राखली ती तिच्यावरून ढकलल्या गेलेल्या क्लबाने. पण तोवर महासंघाच्या आराखड्यात आयएसएल वर आणि आय-लीग खाली असे ठरू लागले होते. निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि पाठोपाठ धेंपो हे तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. नऊ मोसमांत आठ विजेतेपदे मिळवणाऱ्या भूमीतून एकटा चर्चिल ब्रदर्स तेवढा त्या लीगमध्ये रेंगाळत राहिला.

गोव्याच्या क्लबांनी रिकामी केलेली जागा भरायला ऐझॉलला परत बोलावले गेले, आणि इथे इतिहासाने आपली विनोदबुद्धी दाखवली. नुकताच खालच्या गटात गेलेला हा मिझोरामचा क्लब, प्रशिक्षक मुंबई एफसीमधून मोकळे झालेले खालिद जमील. २०१६-१७ मध्ये दहा संघ होते, अठरा सामने. २२ एप्रिलला ऐझॉलने आपल्या डोंगरातल्या मैदानावर मोहन बागानला एका गोलने हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी शेवटचा सामना. एक गुण मिळाला तरी पुरे. पहिला गोल लाजोंगने केला आणि तासाभराहून जास्त वेळ ऐझॉलचा जीव टांगणीला होता. मग बरोबरी झाली, १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. देशाच्या सर्वोच्च लीगच्या इतिहासात याहून मोठी चढण कुणी चढलेली नाही. आणि तिचे फळ? पुढच्या मोसमात आयएसएलने दोन संघ वाढवले, ते बेंगळुरू आणि जमशेदपूर; दोन्ही बोली लावून आलेले. ऐझॉलने जाहीर निषेध केला, पण विजेतेपद हे वर जाण्याचे तिकीट नव्हतेच. त्याच वर्षी आशियाई महासंघाने आयएसएलला मान्यता दिली.

कंपन्यांच्या संघांतून खरी लीग उभी राहूच शकत नाही, असे मात्र नाही. जपानने ते केले. १९९३ मध्ये जे-लीग काढताना त्यांनी कंपनी-संघांनाच घेतले, पण अट घातली: क्लबाच्या नावात कंपनी नको, गाव हवे. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, माझ्दाचा हिरोशिमाचा. सुरुवातीची वर्षे कुणाला खाली ढकलले नाही. पण १९९९ मध्ये दुसरा विभाग आला आणि चढ-उतर सुरू झाली. म्हणजे आधी रुजू द्या, मग शिडी लावा, हा आयएसएलच्या समर्थकांचा युक्तिवाद जपानमध्ये खरा ठरला. तिथे तो सहा वर्षांत पुरा झाला, कारण क्लब गावाला बांधले गेले होते. आपल्याकडे फ्रँचायझी शहराला बांधलेली नव्हती, परवान्याला बांधलेली होती. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये पहिल्या चारांत होता. २०१९ मध्ये तो मिटला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा झाला. मैदानावर खालच्या गटात न घसरता पुणे शहर देशाच्या नकाशावरून पुसले गेले. महाराष्ट्रात फुटबॉलसाठी जीव टाकणारे शहर कुठले म्हणाल तर कोल्हापूर. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. त्या तालमींपासून देशाच्या वरच्या गटापर्यंत पायऱ्या असायला हव्या होत्या. त्याऐवजी राज्याच्या वाट्याला परवाने आले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघाच्या देखरेखीखाली आराखडा ठरला: २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता वर जाईल, २०२४-२५ पासून वरचा खाली येईल. मधल्या काळात कोविडमुळे अख्खी आयएसएल गोव्यातल्या तीन मैदानांवर रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळली गेली. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे कागदावरच उरले. आराखड्याचे पहिले कलम पाळले गेले. आधी पंजाब वर गेला, मग २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग. नव्वद वर्षांपूर्वी शिडी चढून कलकत्त्याची लीग जिंकणारा तोच क्लब. या खेपेला मात्र तो २०२४-२५ मध्ये तेरा संघांत तेरावा आला. आराखड्यानुसार हेच पहिल्या घसरणीचे वर्ष. पण कुणीच घसरले नाही. नऊ वर्षे शिडीच नव्हती. शिडी आली तर साप गायब.

त्याच मोसमात खाली आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सला विजेता जाहीर करून चषकही दिला गेला. वाराणसीच्या इंटर काशीने गुणांच्या हिशेबावर हरकत घेतली आणि प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत नेले. २०१० चा पंधरा वर्षांचा करार इकडे संपत आला होता आणि पुढचा होत नव्हता. ११ जुलै २०२५ ला आयएसएलच्या चालकांनी क्लबांना कळवले की नवा मोसम थांबवून ठेवला आहे. लोझानचा निकाल १८ जुलैला आला: विजेता इंटर काशी, वर जाण्याचा मान त्यांचा. त्या दिवशी वरच्या गटाला वेळापत्रकच नव्हते.